अडखळणारा खेळ : संगणकाच्या दोषाचें निदान



संगणकावरील खेळ हा आतां केवळ मुलांचा विषय राहिलेला नाहीं. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, अशा पुष्कळ घरांत आज एक भारी संगणक असतो; त्यावर दिवसा अभ्यासाचें काम चालतें आणि रात्रीं खेळ चालतो. तो घेतांना घरच्या माणसांनीं पुष्कळ विचार केलेला असतो, कारण त्याची किंमत एखाद्या दुचाकीच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणूनच कांहीं महिन्यांनीं हा संगणक जेव्हां खेळतां खेळतां अडखळूं लागतो, चित्र क्षणभर थिजतें, पुन्हां धांवतें, पुन्हां थिजतें, तेव्हां घरांत एक लहानसा वाद उभा राहतो. मुलाचें म्हणणें असें कीं, ग्राफिक्स कार्ड जुनें झालें, नवें घेतल्याविना गत्यंतर नाहीं. वडिलांचें म्हणणें असें कीं, खेळच कमी करावा. दुकानदाराला विचारलें तर तो बहुधा मुलाची बाजू घेतो. या तिघांपैकीं कोणीहि एक गोष्ट केलेली नसते. ती म्हणजे दोष नेमका कोठें आहे हें पाहणें. आज मला आपल्याशीं त्या पाहण्याविषयींच बोलावयाचें आहे.

प्रथम अडखळणें म्हणजे काय, हें समजून घेऊं. पडद्यावरची हालचाल ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमांच्या गतीनें दाखवितात आणि तो आपल्याला सुरळीत भासतो. मग खेळाला सेकंदाला ६० फ्रेमा कशाला हव्यात, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, चित्रपटाच्या फ्रेमा अगोदरच तयार असतात, त्या सारख्या अंतरानें येतात, आणि कॅमेऱ्यानें टिपतांना हालचालीची पुसट रेघ प्रत्येकींत उमटलेली असते. खेळांतली फ्रेम मात्र आधीं कोठेंच नसते. खेळाडूनें कळ दाबली कीं मग ती घडवावी लागते. सेकंदाला ६० फ्रेमा हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम घडविण्यास १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच अवधि मिळतो. सेकंदाला १४४ हव्या असतील, तर तो अवधि जेमतेम ७ मिलिसेकंदांवर येतो.

येथें दोन निरनिराळे रोग आहेत, आणि ते एकच समजल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. सर्वच फ्रेमा सावकाश येत असतील तर ती मंद गति. बहुतेक फ्रेमा वेळेवर येऊन मध्येंच एखादी रेंगाळत असेल तर तो लयभंग. संगीत ऐकणाऱ्यांस हा भेद सहज कळेल. विलंबित लयींतला ख्याल कोणाला खटकत नाहीं. परंतु ठेक्यांतली मात्रा मध्येंच घसरली तर साधा श्रोताहि मान वर करतो. डोळ्यांचेंहि तसेंच आहे.

सरासरीच्या आंकड्यांत हा लयभंग लपून राहतो. समजा, एका सेकंदांत ५९ फ्रेमा ८०० मिलिसेकंदांत भराभर येऊन गेल्या आणि साठावी एकटी फ्रेम २०० मिलिसेकंद पडद्यावर रेंगाळली. हिशेबानें सरासरी ६० च भरते. डोळ्यांना मात्र स्पष्ट धक्का बसतो. २०११ सालीं ‘दि टेक रिपोर्ट’ या अमेरिकन संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनीं हा मुद्दा सविस्तर मांडला, आणि सेकंदागणिक फ्रेमा मोजण्याऐवजीं प्रत्येक फ्रेमेस किती वेळ लागला तें मोजावें असा आग्रह धरला. पुढें हीच रीत रूढ झाली. आज परीक्षणांत सरासरीबरोबर सर्वांत मंद अशा एक टक्का फ्रेमांवरून काढलेला आंकडाहि देतात, तो याच कारणानें. घरीं हें मोजण्यासाठीं पैसे लागत नाहींत. इंटेल कंपनीचा प्रेझेंटमॉन किंवा पुष्कळांच्या परिचयाचा एमएसआय आफ्टरबर्नर हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात, आणि ते प्रत्येक फ्रेमेचा वेळ, निरनिराळ्या भागांचें तपमान व त्यांवरील भार हीं सर्व पडद्याच्या कोपऱ्यांत दाखवितात.

आतां निदानाकडे वळूं. चांगला वैद्य औषधाची बाटली काढण्यापूर्वीं प्रश्न विचारतो : दुखणें केव्हां सुरू झालें, केव्हां वाढतें, कशानें कमी होतें? संगणकालाहि हेच प्रश्न विचारावयाचे असतात. खेळ आरंभापासूनच अडखळतो, कीं पंधरावीस मिनिटांनंतर? प्रत्येक नव्या जागीं एकदांच अडखळतो, कीं त्याच जागीं पुनःपुन्हां? सर्व खेळांत अडखळतो, कीं एकाच? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न : पूर्वीं जर तो सुरळीत चालत होता, तर मधल्या काळांत काय बदललें?

यांपूर्वीं एक परीक्षण मात्र अवश्य करावें, कारण खरेदीचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. फ्रेम घडविण्यांत दोघांचा हात असतो. खेळांत काय घडलें, कोण कोठें गेलें, याचा हिशेब प्रोसेसर करतो. आणि त्या हिशेबावरून चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. लग्नघरीं आचारी आणि वाढपी असतात तसे हे दोघे. पंगत खोळंबली, तर आचारी मागें पडला कीं वाढपी कमी पडले, हें पाहिल्यावांचून आणखी माणसें बोलावणें व्यर्थ आहे. पाहण्याची युक्ति सोपी आहे. खेळाचें रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल तर तें १२८० × ७२० करावें. त्यामुळें रंगवावयाच्या ठिपक्यांची संख्या सुमारें २१ लाखांवरून ९ लाखांवर येते, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचें काम निम्म्याहून कमी होतें. प्रोसेसरचें काम जवळजवळ तेवढेंच राहतें. आतां फ्रेमांची गति एकदम वाढली, तर कार्ड खरोखरच कमी पडत होतें. गति होती तेवढीच राहिली, तर अडचण दुसरीकडे आहे, आणि त्या घरानें नवें कार्ड घेतलें तर ते पैसे पाण्यांत गेले असें समजावें.

आतां लक्षणावरून कारणाकडे जाऊं. खेळ प्रथम छान चालतो आणि पंधरावीस मिनिटांनीं अडखळूं लागतो, असें असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचले कीं आत्मरक्षणार्थ स्वतःची गति कमी करतात. कांहीं नवे प्रोसेसर भाराखालीं ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच बेतानें बनविलेले असतात. म्हणून केवळ तपमानाचा आंकडा पाहून घाबरूं नये. तपमान चढतांच गति घसरते काय, हें पाहावें. पंखा कितीहि जोरानें फिरला तरी तो यंत्राला खोलीच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. थंडीच्या दिवसांत २० अंशांच्या खोलींत जो भाग ७० अंशांवर राहतो, तोच मे महिन्यांत ४० अंशांच्या खोलींत ९० च्या आसपास जाणार. नागपूर-अकोल्याकडच्या श्रोत्यांना हें अधिक फोडून सांगावयास नको. अशा हवेंत जाळ्यांवर धूळ बसली कीं दुष्काळांत तेरावा महिना. उपाय घरगुती आहे : संगणक बंद करून प्लग काढावा, पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, आणि मऊ कुंचल्यानें व हवेच्या फुंकाऱ्यानें धूळ झाडावी. चार-पांच वर्षें झालीं असतील तर प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो, तो बदलून घ्यावा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळणें म्हणजे त्याचें नाकतोंड दाबणें होय.

दुसरें लक्षण : नव्या जागीं गेलें, नवा शत्रु दिसला, पहिला स्फोट झाला कीं एक झटका बसतो, त्याच जागीं दुसऱ्यांदा गेलें तर बसत नाहीं. याचें कारण शेडर. पाण्यावर प्रकाश कसा चमकावा, धातूवर छाया कशी पडावी, हें कार्डाला सांगणारे छोटे छोटे प्रोग्राम म्हणजे शेडर. ते प्रत्येक कार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या भाषेंत नव्यानें उतरवावे लागतात. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांत आंतली सामग्री ठरलेली असल्यामुळें हें काम कारखान्यांतच उरकतां येतें. घरोघरच्या संगणकांत सामग्री निराळी, म्हणून तें घरीं करावें लागतें, आणि खेळ रंगांत आला असतांना केलें तर झटका बसतो. डिसेंबर २०२२ मध्यें ‘दि कॅलिस्टो प्रोटोकॉल’ हा खेळ निघाला तेव्हां महागडीं कार्डें बाळगणाऱ्यांनाहि हे झटके चुकले नाहींत; खेळ तयार करणाऱ्यांनीं दुरुस्ती पाठविल्यावर तो सुधारला. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. खेळ प्रथम उघडतांना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी सूचना आली तर कंटाळून ती मोडूं नये. चहा घेऊन यावें. आणि ड्रायव्हर बदलल्यावर जुनी तयारी निकामी होऊन पहिल्या दिवशीं पुन्हां झटके बसले, तर तो नवा रोग समजूं नये.

तिसरें लक्षण : दृश्य तपशीलवार झालें कीं, किंवा खेळ बराच वेळ चालल्यावर, मोठे मोठे झटके बसूं लागतात, परंतु कार्डाचें तपमान ठीक असतें. येथें कार्डाची स्वतःची स्मृति, जिला व्ही-रॅम म्हणतात, ती भरली आहे काय तें पाहावें. ती भरली कीं उरलेलें सामान संगणकाच्या सर्वसाधारण रॅममध्यें ठेवावें लागतें, आणि तेथून तें आणण्याचा मार्ग पुष्कळच अरुंद असतो. गेल्या कांहीं वर्षांत निघालेल्या मोठ्या खेळांना, सर्व गोष्टी उच्चतम ठेवल्या तर, ८ जीबी व्ही-रॅम अपुरी पडूं लागली आहे. अशा वेळीं सर्वच चित्र निकृष्ट करण्याचें कारण नाहीं. ‘टेक्स्चर’ एवढी एकच सेटिंग एक पायरी खालीं आणावी. बहुतेक वेळां झटके तेथेंच थांबतात आणि डोळ्यांना फरकहि फारसा जाणवत नाहीं.

चौथें लक्षण : संगणक विकत घेतल्या दिवसापासूनच अपेक्षेहून मंद आहे. येथें जुळणींतल्या साध्या चुका शोधाव्यात. त्या आश्चर्य वाटावें इतक्या वेळां आढळतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला न लावतां शेजारीं मदरबोर्डाच्या छिद्राला लावलेली असते, आणि हजारों रुपयांचें कार्ड स्वस्थ बसून राहतें. मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतलेला असतो, पण विंडोजच्या सेटिंगमध्यें तो ६० वरच चालत असतो. रॅमची एकच पट्टी असते. तिच्याऐवजीं तेवढ्याच एकूण क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खांचांत बसविल्या तर प्रोसेसर व रॅम यांमधला मार्ग तत्त्वतः दुप्पट रुंद होतो. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलें असतें, आणि बायोसमधील एक्सएमपी नांवाची सोय सुरू न केल्यामुळें ती २१३३ किंवा २४०० वर चालत असते. लॅपटॉपच्या बाबतींत चार्जर जोडलेला आहे ना, आणि विजेची बचत करणारी सेटिंग चालू राहिलेली नाहीं ना, हें पाहावें. या एकाहि दुरुस्तीस, रॅमची पट्टी सोडली तर, दिडकीचा खर्च नाहीं.

याच वर्गांत जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा समावेश करावा लागेल. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी होते. हवी ती नोंद सुईखालीं येण्यास सरासरीनें अर्धी फेरी, आणि सुईचा दांडा जागेवर जाण्यास आणखी कांहीं मिलिसेकंद. म्हणजे दोन ठिकाणची माहिती आणतां आणतांच फ्रेमेचा १६.७ मिलिसेकंदांचा अवधि संपून जातो. एसएसडींत फिरणारें कांहीं नसल्यामुळें हाच शोध त्याच्या शतांशाच्या आसपास वेळांत होतो. ज्या घरांत खेळ अजून हार्ड डिस्कवर ठेवलेला आहे, त्या घरानें खर्च करावयाचाच असेल तर तो प्रथम एसएसडीवर करावा.

पांचवें लक्षण फसवें आहे : कधींतरी, कांहींहि नियम नसतां, सर्व संगणकच क्षणभर थांबतो. येथें पडद्यामागें चालणारें काहींतरी शोधावें. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचें अद्ययावतीकरण, खेळाचें आपोआप होणारें चित्रण, चाळीस पानें उघडी ठेवलेला ब्राउझर, हे नेहमींचे संशयित. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर गुन्हेगार बहुधा तेथेंच सांपडतो. परंतु क्वचित् तो फार खोल दडलेला असतो. ऑक्टोबर २०२१ मध्यें विंडोज ११ निघालें आणि त्यासाठीं टीपीएम नांवाची सुरक्षेची सोय आवश्यक ठरली. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्या पुष्कळ संगणकांत ही सोय प्रोसेसरच्या अंगभूत प्रोग्रामानेंच पुरविली जाते. तीं यंत्रें अधूनमधून अडखळूं लागलीं. चित्रच काय, आवाजहि तुटूं लागला. लोकांनीं ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्यानें घातलें, गुण येईना. अखेर मार्च २०२२ मध्यें एएमडीनें कबूल केलें कीं, ही सोय मदरबोर्डावरील एका लहान स्मृतीशीं मधूनमधून दीर्घ देवघेव करते आणि तेवढा वेळ संगणक खोळंबतो. त्यावरचा उपाय नव्या बायोसच्या रूपानें त्या वर्षींच्या मे महिन्यापासून येऊं लागला. ज्यांनीं त्या अवधींत नवें ग्राफिक्स कार्ड घेतलें असेल, त्यांच्या पदरीं काय पडलें असेल याची कल्पना आपणच करावी. बायोस अद्ययावत करतांना मात्र दोन खबरदाऱ्या घ्याव्यात : बिटलॉकरची पुनर्प्राप्तीची किल्ली अगोदर लिहून ठेवावी, आणि वीज जाण्याचा संभव असेल त्या वेळीं हें काम काढूं नये.

सहावें लक्षण मॉनिटरचें. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनीं नवें चित्र घेतो. तो कोणासाठीं थांबत नाहीं. व्ही-सिंक चालू असतां एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर लोकल चुकलेल्या माणसाप्रमाणें तिला पुढच्या खेपेपर्यंत ताटकळावें लागतें, आणि जुनेंच चित्र दुप्पट वेळ दिसत राहतें. २०१३ सालीं एनव्हिडियानें जाहीर केलेली जी-सिंक आणि त्यामागून एएमडीनें आणलेली फ्रीसिंक, या पद्धतींत उलट मॉनिटरच फ्रेमेसाठीं थांबतो. आपल्या मॉनिटरमध्यें ही सोय असेल तर ती चालू आहे ना तें पाहावें. नसेल, आणि यंत्र साठांची गति टिकवूं शकत नसेल, तर गतीवर ३० ची मर्यादा घालून पाहावी. ४० आणि ६० यांमध्यें हेलकावणाऱ्या गतीपेक्षां स्थिर ३० डोळ्यांना पुष्कळदां अधिक सुखाची वाटते.

राहतां राहिला जाळ्यावरून खेळावयाचा खेळ. तेथें स्वतःच्या हालचाली सुरळीत असून दुसरे खेळाडू मात्र उड्या मारीत असतील, तर दोष संगणकाचा नव्हे, इंटरनेटचा. वायफाय सोडून केबल लावून पाहावी, आणि सर्व्हर कोठला निवडला आहे तें पाहावें. मुंबईहून सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे सरळ रेषेंत जाऊन येण्यासच ३९ मिलिसेकंद लागणार. हा विलंब कोणतेंहि कार्ड कमी करूं शकणार नाहीं.

शेवटीं पथ्य सांगतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बदलापूर्वीं आणि बदलानंतर खेळांतील तोच प्रसंग तीन वेळां खेळून आंकडे वहींत लिहावेत. गुण न आल्यास केलेला बदल मागें घ्यावा. एका रात्रींत दहा बदल करणाऱ्याचा खेळ कदाचित् सुधारेल, परंतु कशानें सुधारला तें त्याला कळणार नाहीं, आणि पुढच्या वेळीं तो पुन्हां अंधारांतच चांचपडेल. ‘एका क्लिकनें वेग दुप्पट’ करूं म्हणणारे प्रोग्राम तर घरांत घेऊंच नयेत; ते बहुधा स्वतःच पडद्यामागचें ओझें होऊन बसतात.

इतकें करूनहि कांहीं वेळां दोष खेळांतच निघेल. मग दुरुस्ती येईपर्यंत थांबावें हेंच बरें. आणि कांहीं वेळां कार्ड खरोखरच अपुरें ठरेल. तेव्हां मुलानें ती वही वडिलांसमोर ठेवावी आणि वडिलांनीं ती मन लावून वाचावी. ज्या मागणीमागें तीन रात्रींचीं मोजमापें आहेत, ती हट्ट म्हणून झिडकारतां येत नाहीं. आणि ज्या मागणीमागें तीं नाहींत, तिच्यासाठीं घरचे पैसे खर्च करण्याचें कोणावरहि बंधन नाहीं.